वतन, वशिला आणि सरकारी हुद्दा

पेशवाई बुडाल्यानंतर वर्षभराने, १८१९ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने नव्याने हाती आलेल्या मुलखाविषयी आपल्या वरिष्ठ सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात महालांच्या जमाखर्चातील एका बाबीसंबंधी मोजक्याच ओळी आहेत. परंतु प्रस्तुत संग्रहातील बहुतेक निबंध, त्यांच्या लेखकांना ते अभिप्रेत असो वा नसो, त्या ओळींवरील भाष्यच होत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मामलेदार सरकारसाऱ्याखेरीज गावोगावहून काही जादा रक्कम वसूल करी, आणि तिचा एक भाग ‘दरबारखर्च’ अथवा ‘अंतस्थ’ या सदराखाली दरबारातील कारभाऱ्यांना व हिशेब तपासणाऱ्या कारकुनांना पोचता होई. कालांतराने ही लाच इतकी ठरीव झाली की ती मामुली हक्क म्हणून हिशेबात धरली जाऊ लागली आणि इतर बाबींप्रमाणे तिचीही रीतसर तपासणी होऊ लागली. पण लाचेचा हक्क झाला म्हणून लाचेची गरज सरली नाही. तेव्हा तिच्यावर आणखी एक वसुली बसली, आणि असल्या नाजूक व्यवहारात तपासनीस फारसे खोल जात नसल्यामुळे मामलेदार आपल्या आश्रयदात्यांना जेवढे देई त्याहून बरेच अधिक स्वतःसाठी ठेवी, असे एल्फिन्स्टन नमूद करतो.

लाच कोणत्या राज्यात नव्हती? ती होती यात नवल नाही. ती दफ्तरात लिहिलेली होती, यात मात्र विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. जी गोष्ट गैर म्हणून लपवावी तिचा काही वर्षांत शिरस्ता होतो, शिरस्त्याचा हक्क होतो, आणि हक्क झाल्यावर त्याच जागी नवी गैर गोष्ट उगवते, हा क्रम एकदा लक्षात आला की लाचलुचपतीचा इतिहास केवळ दुष्ट माणसांचा इतिहास उरत नाही. दुसरी गोष्ट अशी की, या व्यवहारातील देणारा व घेणारा एकमेकांना परके नव्हते. मामलेदार कोणाच्या तरी शब्दाने नेमला गेलेला असे, सरकारला आगाऊ द्यावयाची रसद उभी करताना कोणीतरी त्याच्या पाठीशी उभा राहिलेला असे, आणि त्याच्या हाताखालच्या कारकुनांतही त्याचे भाचेपुतणे, व्याहीजावई असावयाचेच. ज्याने आपल्याला अन्नास लावले त्याला वर्षाकाठी काही पोचविणे ही त्याच्या लेखी लाच नव्हती, कृतज्ञता होती. आणि आपल्या पुतण्याला महालात चिकटवून घेणे हा पक्षपात नव्हता, कुटुंबकर्त्याचा धर्म होता. सार्वजनिक जीवनातील भ्रष्टाचार समजून घ्यावयाचा तर लोभापेक्षा या कर्तव्यबुद्धीचा शोध आधी घ्यावा लागतो, ही या संग्रहाची मूळ धारणा आहे आणि मलाही ती मान्य आहे.

या विषयावरील लेखनाचा प्रारंभ कौटिल्यापासून करण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. सरकारी द्रव्याचा अपहार करण्याचे चाळीस प्रकार त्याने मोजले आहेत खरे, आणि पाण्यातल्या माशाचा त्याचा दृष्टांत तर प्रत्येक परिसंवादात एकदा तरी ऐकू येतोच. पण कौटिल्याचा अधिकारी हा राजाचा नोकर आहे, आणि राजाच्या भांडारातून त्याने काय चोरले एवढाच तेथे प्रश्न आहे. आपण आज ज्याला भ्रष्टाचार म्हणतो त्याला आणखी एक गृहीतक लागते : हुद्दा ही हुद्देदाराची मालमत्ता नाही, राजाचीही नाही, ती रयतेची ठेव आहे, आणि कचेरीच्या उंबरठ्याच्या आत आला की मनुष्य कोणाचा पुत्र, कोणाचा मामा अथवा कोणाचा उपकृत राहत नाही. या कल्पनेचे सर्वांत काटेकोर विवेचन माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने केले. राजाच्या घरखटल्याचाच विस्तार असलेली जुनी राज्यपद्धती एकीकडे आणि नियम, वेतन व लेखी दफ्तर यांवर चालणारी आधुनिक नोकरशाही दुसरीकडे, असे दोन नमुने त्याने मांडले, आणि त्याच्या मृत्यूनंतर १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाग्रंथातून ते जगभर गेले. हे नमुने शुद्ध स्वरूपात कोठेच सापडत नाहीत, हे वेबरला ठाऊक होते. त्याच्या अनुयायांपैकी पुष्कळांना ते ठाऊक नव्हते.

गोत आणि राज्य यांचे वैर मात्र वेबरपेक्षा फार जुने आहे. चीनच्या बादशाहीत कोणाही अधिकाऱ्याची नेमणूक त्याच्या स्वतःच्या प्रांतात करावयाची नाही, असा कडक दंडक शतकानुशतके होता. कारण आपल्या गावी बसलेला अधिकारी आधी गावाचा होतो आणि मग बादशहाचा, हे तेथील राज्यकर्त्यांनी ओळखले होते. काही इस्लामी राज्यांनी याहून टोकाचा उपाय योजला. ज्याला कुळ नाही, भाऊबंद नाहीत, असा विकत घेतलेला गुलामच लष्करात व कारभारात वर चढवावयाचा, म्हणजे त्याची निष्ठा वाटली जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. या पद्धतीची एक थोर निपज आपल्याच भूमीत झाली : निजामशाहीचा कारभार ज्याने १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत पेलला तो मलिक अंबर हबशी गुलाम म्हणूनच या देशात आला होता.

महाराष्ट्राने बव्हंशी याच्या अगदी उलट वाट धरली. येथे हुद्दा कुळापासून सोडविण्याऐवजी कुळालाच बहाल केला गेला. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही वतने पिढीजात होती, त्यांची वाटणी होई, ती गहाण पडत, विकली जात आणि त्यांच्यापायी भाऊबंदांचे खूनही होत. शिवाजी महाराजांनी वतनदारांचे वाडेहुडे मोडून आणि नोकरांना रोख मुशाहिरा बांधून देऊन या प्रवृत्तीला आळा घातला, असे बखरकार सभासदापासून न्यायमूर्ती रानड्यांपर्यंत सर्वांनी सांगितले आहे. परंतु औरंगजेबाच्या स्वारीत राजाराम महाराजांना जिंजीस जावे लागले तेव्हा तिजोरीत देण्यासारखे काही उरले नव्हते आणि सरदारांना राखण्यासाठी वतनांच्या सनदा देण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी जे लिहिले ते त्या अनुभवाच्या पोटातून आलेले आहे. वतनदार हे राज्याचे लहान भागीदारच होत. ते बळावले तर राज्याला पोखरतात आणि दुखावले तर शत्रूला जाऊन मिळतात, म्हणून त्यांना ना फार वाढू द्यावे ना नाहीसे करावे, हा अमात्यांच्या उपदेशाचा इत्यर्थ. गोतसंबंधांशी राज्यकर्त्याने कसे वागावे यासंबंधी इतके निर्भ्रम विवेचन त्या काळच्या मराठीत दुसरे मला माहीत नाही, आणि राज्यशास्त्राच्या आमच्या पाठ्यपुस्तकांत त्याला जागा मिळू नये याचा विषाद वाटतो.

मात्र वतनदारी म्हणजे केवळ अनागोंदी, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पेशव्यांच्या अमदानीत मामलेदारावर देखरेख ठेवण्यासाठी दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस असे जे दरकदार नेमलेले असत, ते पिढीजातच होते. आणि पिढीजात असल्यामुळेच मामलेदाराला त्यांना काढता येत नसे, अर्थात त्यांना त्याची भीडही बाळगावी लागत नसे. जे बीज कुळाभिमानाचे, तेच येथे अंकुशाचे काम करी. खुद्द फडणिशीची हकीकत पाहा. सिद्दीच्या मुलखातून परागंदा झालेल्या बाळाजी विश्वनाथाला वेळासच्या भानू बंधूंनी साथ दिली आणि भाकरी मिळेल ती वाटून खाऊ असे वचन बाळाजीने त्यांना दिले, असे परंपरा सांगते. १७१३ मध्ये बाळाजीला पेशवेपद मिळाल्यावर त्या घराण्यात फडणिशी आली, म्हणजे मराठी राज्याचे सर्वांत मोठे हिशेबाचे पद एका खाजगी उपकाराची फेड म्हणून दिले गेले. आजच्या कोणत्याही दक्षता अधिकाऱ्याने यावर लाल शेरा मारावा असा हा मामला. आणि तरीही त्याच घराण्यात तिसऱ्या पिढीला नाना फडणीस निपजला, ज्याच्या करड्या नजरेखाली हुजूर दफ्तराचा हिशेब जसा राहिला तसा तो आधी वा नंतर क्वचितच राहिला असेल. त्याच नानाच्या आश्रयाने घाशीराम पुण्याचा कोतवाल झाला, आणि १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेल्यावर शहराने त्याचा दगडांनी अंत केला, हेही खरे. आश्रयाची पद्धत उत्तम हिशेबनीस देते आणि घाशीरामही देते. यांपैकी काय पदरी पडणार हे तिला स्वतःला ठरविता येत नाही, हाच तिच्यावरील माझ्या मते सर्वांत मोठा आक्षेप. दुसऱ्या बाजीरावाने पुढे महाल इजाऱ्याने देण्यास आरंभ केला, तेव्हा तर आश्रयदात्याची लाजही उरली नाही. जो अधिक बोली देईल तो मालक झाला.

इंग्रजांनी आपल्याबरोबर पगारी नोकरशाही आणली आणि तिच्याबरोबर आपल्या नीतिमत्तेची आख्यायिकाही आणली. या आख्यायिकेला १८८८ मध्ये पुण्यातच मोठे भगदाड पडले. मध्य विभागाचा आयुक्त आर्थर क्रॉफर्ड, ज्याचे नाव मुंबईतील मंडईला दिले गेले होते तोच, नेमणुका, बढत्या व बदल्या यांसाठी मामलेदारांकडून पैसे घेतो असा आरोप आला. मधला माणूस म्हणून हणमंतराव नावाच्या इसमाचे नाव पुढे आले. चौकशीसाठी त्रिसदस्य आयोग बसला. लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत असे आयोगाने ठरविले. परंतु आपल्या अधिकाराखालील लोकांकडून कर्जे काढल्याबद्दल क्रॉफर्डला नोकरीस मुकावे लागले. या प्रकरणाचा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग त्यानंतरचा आहे. माफीच्या वचनावर विसंबून ज्या मामलेदारांनी पैसे दिल्याची कबुली दिली त्यांचे काय करावयाचे? विलायतेतून ओरड झाली की लाच दिल्याचे कबूल करणारे न्यायासनावर कसे राहू द्यावेत. आणि लोकमान्य टिळकांनी या मामलेदारांची बाजू घेतली. वरिष्ठाने मागितले म्हणून दिले की स्वतःचा लाभ व्हावा म्हणून दिले, या दोहोंतील सीमारेषा कोठे आखावी, हा तेव्हा उभा राहिलेला प्रश्न आजही जसाच्या तसा आहे, आणि लाच देणाऱ्यालाही गुन्हेगार धरणारी १९८८ च्या कायद्यातील २०१८ ची दुरुस्ती त्याच प्रश्नाचे एक नवे, आणि मला तरी अपुरे वाटणारे, उत्तर आहे.

टिळकांच्या आधीच जोतीराव फुल्यांनी या विषयाला वेगळेच वळण दिले होते. लाच वाईट हे सर्वच सुधारक सांगत होते, लोकहितवादीही त्यास अपवाद नव्हते. फुल्यांनी विचारले की ती कोण कोणाकडून खातो. गावचा कुलकर्णी, कचेरीतला कारकून, वरचा शिरस्तेदार आणि वकील हे एकाच जातीचे, बहुधा परस्परांच्या नात्यागोत्याचे असतील, तर शूद्र शेतकऱ्याची फिर्याद एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाते तेव्हा ती एका घरातून त्याच घराच्या दुसऱ्या खोलीत जाते, हे ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथाचे एक मुख्य प्रमेय आहे. माझ्या समजुतीप्रमाणे गोतसंबंध व भ्रष्टाचार यांच्या नात्याचे हे मराठीतील पहिले पद्धतशीर विश्लेषण होय. छत्रपती शाहूंनी १९०२ मध्ये करवीर राज्यात निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या आणि १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा त्यांनी हे विश्लेषण कारभारात उतरविले. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी जे विधेयक आणले, त्याने या चित्राची तिसरी बाजू दाखविली : वतन हे वरच्याला सत्ता असते, पण सर्वांत खालच्याला तेच वेठ असते. परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. कागदावर का होईना, हुद्दा कुळापासून सुटला.

त्याच सुमारास त्या कुळाला नवे हुद्दे उपलब्ध झाले. १९४८ नंतर प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला; १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या; सोसायट्या, जिल्हा बँका, दूध संघ, शिक्षणसंस्था यांचे जाळे विणले गेले. या संस्थांनी ग्रामीण महाराष्ट्राचे किती भले केले याबद्दल मी येथे वाद घालीत नाही, ते केलेच. पण संचालक मंडळातील जागा, उसाची तोड कोणाच्या शेतात आधी, शाळेत मास्तर कोण, कारखान्यात टाइमकीपर कोण, यांचे निर्णय पूर्वीच्या पाटलाच्या ओसरीवरून उठून चेअरमनच्या केबिनमध्ये गेले, आणि कित्येकदा ओसरी व केबिन यांतील माणूस तोच राहिला. फलटण तालुक्यावरील अँथनी कार्टर यांचा १९७४ चा ग्रंथ व कोपरगावच्या साखर कारखान्यावरील बा. स. बाविस्कर यांचा १९८० चा ग्रंथ यांनी घराणी, सोयरिकी व गट यांची ही वीण प्रत्यक्ष पाहणीतून दाखविली. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातील नातेव्यवस्थेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात भ्रष्टाचाराचा विषय नाही. तरी तो हाताशी असल्याशिवाय जिल्ह्याचे राजकारण कळावयाचे नाही, असे मी नवख्या अभ्यासकास निक्षून सांगेन.

जगात या प्रश्नाकडे पाहण्याच्या ज्या दृष्टी रूढ झाल्या त्यांपैकी काहींचा परामर्श थोडक्यात घेतला तरी चालेल. लाच म्हणजे अडलेल्या यंत्राला घातलेले तेल, तिने विकासाला गतीच मिळते, असे अर्थशास्त्रज्ञ लेफ यांनी १९६४ मध्ये व राज्यशास्त्रज्ञ हंटिंग्टन यांनी १९६८ मध्ये सुचविले. त्याच १९६८ साली गुन्नार मिर्दाल यांनी आशियाई देशांवरील आपल्या ग्रंथात त्याचा समाचार घेतला, कारण ज्याला तेलाचे पैसे मिळतात तो यंत्र अडविण्यातच आपले हित पाहू लागतो. हा वाद माझ्या दृष्टीने निकालात निघाला आहे. रॉबर्ट वेड यांनी दक्षिण भारतातील कालव्यांच्या खात्याचा अभ्यास करून १९८२ मध्ये जे दाखविले ते अधिक टिकाऊ आहे. इंजिनिअर शेतकऱ्यांकडून व ठेकेदारांकडून पैसा घेतो, कारण त्याला आपल्या बदलीसाठी वर पैसा द्यावयाचा असतो, आणि वरच्याला तो निवडणुकीसाठी हवा असतो. म्हणजे एकट्या सज्जन इंजिनिअरने काही अडत नाही, त्याची बदली होते एवढेच. आपल्याकडे ‘मलईची जागा’ ज्याला म्हणतात तिचे हे शास्त्र होय.

आपल्या विषयाशी थेट भिडणारी परंपरा समाज व संस्कृती यांच्या अभ्यासाची. एडवर्ड बॅनफिल्ड यांनी दक्षिण इटलीतील एका गावावरून १९५८ मध्ये असे अनुमान काढले की, तेथील माणूस स्वतःच्या कुटुंबापलीकडे कोणाचेच हित पाहत नाही म्हणून सार्वजनिक कार्य उभे राहत नाही. या मतात सत्याचा अंश आहे, परंतु दारिद्र्याच्या परिणामास स्वभावदोष ठरविण्याची चूकही आहे. नायजेरियाचे पीटर एके यांनी १९७५ मध्ये याहून खोल गोष्ट सांगितली. वसाहतींच्या राज्यांत सार्वजनिक जीवन एक नसते, दोन असतात. एक आपल्या टोळीचे, गावाचे, गोताचे; तेथे मनुष्य हिशेब न ठेवता देतो, कारण देण्याने त्याला प्रतिष्ठा मिळते. दुसरे सरकारचे, ते परक्याने उभारलेले असल्यामुळे त्यातून घेण्यात पाप वाटत नाही, उलट तेथून घेऊन आपल्या गोताला देणारा थोर ठरतो.

एके यांनी नायजेरियाविषयी लिहिले, पण पश्चिम महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या गावी जत्रा उलगडल्यानंतर जाऊन पाहावे. वर्गणी किती जमली, मांडवाला काय गेले, कुस्त्यांचे इनाम किती, तमाशाच्या फडाला काय दिले, शिल्लक किती, हे सारे देवळाच्या भिंतीवरील फळ्यावर खडूने लिहिलेले असते आणि त्यात पाच रुपयांची तफावत आली तर पंचांना चावडीवर उभे राहणे कठीण होते. त्याच पंचांपैकी एखाद्याने त्याच देवळाकडे जाणारा रस्ता सरकारी ठेक्याने केलेला असतो. त्यावरचे डांबर पहिल्या पावसात वाहून जाते, आणि त्याबद्दल त्याला कोणी विचारीत नाही. तो अप्रामाणिक मनुष्य आहे काय? देवाचा पैसा त्याने खाल्लेला नाही, आणि तो खाणारही नाही. सरकारचा पैसा कोणाचा, याविषयी त्याची व गावाची समजूत वेगळी आहे. शिवाय जत्रेच्या कुस्त्यांचे पहिले इनाम त्यानेच दिलेले असते. ते कोठून आले हे गावाला ठाऊक असते.

आणखी एका वस्तूकडे जवळून पाहण्यासारखे आहे, ती म्हणजे शिफारशीची चिठ्ठी. लोकप्रतिनिधीच्या नावाचा छापील कागद; वर बोधचिन्ह, खाली दूरध्वनीचे आकडे; मजकूर दोन ओळींचा. सदर इसम माझ्या परिचयाचा असून गरजू व होतकरू आहे, तरी त्याच्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. या मजकुरात बेकायदा अक्षरही नसते. पैसा तर नसतोच. कचेरीतील अधिकारी त्यावर ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा मारतो, आणि तोंडाने कारकुनाला सांगतो, नियमात बसवून टाका. चिठ्ठी आणणारा मनुष्य त्या आमदाराच्या मेव्हण्याच्या गावचा असतो; तो चिठ्ठीचे मोल पैशाने देणार नाही, तो निवडणुकीत राबेल, लग्नाला बोलावील, आणि आमदार लग्नसराईच्या दिवसात दहा मांडव ओलांडून त्या मांडवात दोन मिनिटे का होईना अक्षता टाकण्यास येईल. या साखळीत लाच नेमकी कोठे आहे, हे कायद्याला सांगता येत नाही. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांची अडचणही हीच. विवाहासारख्या प्रसंगी रूढीप्रमाणे आप्तेष्टांकडून येणारा आहेर स्वीकारण्यास ते मुभा देतात, अमुक किमतीपुढे तो कळवावा एवढीच अट घालतात. कारण आहेर नाकारा असे मराठी माणसाला सांगणे म्हणजे नाते तोडा असे सांगणे होय.

सर्वस्वी परकीय कल्पनांच्या मापाने या समाजाला दोषी ठरविणारे लेखन पुष्कळ झाले, आणि संस्कृतीच्या नावाने सर्व काही क्षम्य ठरविणारेही झाले. दोन्हींत एक गोष्ट सुटते, ती ही की, चिठ्ठी ज्याला मिळत नाही तोही याच समाजातला आहे. भटक्या जमातीतला मनुष्य, ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात गेलेली कुटुंबे, दुसऱ्या गावाहून येऊन राहिलेली विधवा, यांना कचेरीत ‘आपला माणूस’ नसतो. आणि गोतावळ्याच्या उदारतेचा खर्च शेवटी यांच्याच नावे पडतो. म्हणून गोतसंबंध ही भ्रष्टाचाराची सबब होऊ शकत नाही, कारण मात्र असू शकते. आणि कारण दूर करावयाचे तर नुसती शिक्षा पुरत नाही. मनुष्य वशिला शोधतो तो बहुधा हक्काने मिळावयाची वस्तू हक्काने मिळत नाही म्हणून. सात-बाराचा उतारा वा जातीचा दाखला सरळ मिळू लागला की त्यासाठी कोणी मामाच्या ओळखीचा माणूस धुंडीत नाही.

हा विषय आज नव्याने मांडण्याचे प्रयोजन येथेच आहे. भ्रष्टाचाराच्या प्रतिबंधासाठी नेमलेल्या संथानम समितीचा अहवाल येऊन, १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन होऊन, महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने लोकायुक्त येऊन अर्धे शतक उलटले. माहितीचा अधिकार आला, शासकीय बदल्यांचे नियमन करणारा २००५ चा कायदा आला, २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा आला, आणि संगणकावरून दाखले मिळू लागले. खालच्या पायरीवरील चिरीमिरी त्यामुळे काही अंशी घटली असेल. परंतु जेथे अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव उरला आहे अशा जागी, म्हणजे बदली, ठेका, बिनशेती परवाना, आरक्षण उठविणे, अनुदानित शाळेतील भरती येथे, नात्याचे व आश्रयाचे बळ एकवटत चालले आहे. लहान लाच यंत्राने बंद होते. मोठा उपकार यंत्राला दिसतच नाही. त्यातच पक्षाचे तिकीट ही जवळजवळ वडिलार्जित वस्तू झाली असून, वतने खालसा करणाऱ्या विधिमंडळाच्याच बाकांवर मुलगे, सुना, पुतणे व जावई बसलेले दिसतात, याची खंत पक्षभेद न करता बाळगावी अशी स्थिती आहे.

प्रस्तुत संग्रहाने या साऱ्याचे एकच उत्तर शोधण्याचा प्रयत्न केलेला नाही. काही निबंध दफ्तरखान्यातून आले आहेत, काही गावपाहणीतून, एकदोन निवृत्त अधिकाऱ्यांच्या अनुभवातून. त्यांत मतभेद आहेत आणि संपादकांनी ते सांधण्याचा आटापिटा केलेला नाही, हे योग्यच झाले. गोव्यातील गावकारीसंबंधीच्या निबंधाकडे वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. तेथे गावाच्या उत्पन्नातील वाटा वंशावरून मिळतो आणि तरी त्या व्यवस्थेने बांध, खाजणे व देवळे शतकानुशतके सांभाळली, या वस्तुस्थितीमुळे माझ्या काही ठाम समजुती मला सैल कराव्या लागल्या. उलट, विद्यापीठे व न्यायालये यांच्यातील आश्रयपरंपरेवर येथे जवळजवळ काहीच नाही, आणि स्त्रियांच्या माहेर-सासरच्या संबंधांतून चालणाऱ्या वशिल्याचा विचार तर कोणत्याच लेखकास सुचलेला दिसत नाही. ग्रंथात नावे घेऊन कोणाला उघडे पाडलेले नाही, यामुळे काही वाचकांची निराशा होईल; ते काम वृत्तपत्रांचे व न्यायालयांचे आहे.

या विषयाची साधने सरकारी दफ्तरात थोडी आणि घरोघरी पुष्कळ आहेत. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी वाडे पालथे घालून सनदा व पत्रे मिळविली, म्हणून पेशवाईतील व्यवहार आज आपल्याला वाचता येतो. गेल्या सत्तर वर्षांचा व्यवहार वाचण्यासाठी शिफारशीच्या चिठ्ठ्या, सोसायट्यांच्या सभांची टिपणे, लग्नातील आहेराच्या वह्या, जत्रा कमिट्यांचे हिशेब हीच दफ्तरे आहेत, आणि ती दर दिवाळीला रद्दीत जात आहेत. ज्या वाचकांच्या माळ्यावर असे काही पडले असेल त्यांनी ते विकू नये. नावे झाकून का होईना, जवळच्या इतिहास मंडळाच्या अथवा ग्रंथालयाच्या स्वाधीन करावे, अशी त्यांना विनंती आहे.